गुरुवारच्या बाई: बाहेर काही घडलं की शाळेतलं समुपदेशनच आधी का थांबतं?

वाळवंटीकाठ
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत गेली 17 वर्षं मराठी आणि समाजशास्त्र शिकवते. ओळख कळू नये म्हणून मुलांचे तपशील थोडे बदलले आहेत.

आमच्याकडे समुपदेशक बाई आठवड्यातून एकदा, गुरुवारी येतात. त्यांच्या एकटीकडे आसपासच्या पाच शाळा आहेत. बसायला जागा म्हणजे खेळाच्या सामानाची खोली. भिंतीला टेकवलेले कॅरमबोर्ड, कोपऱ्यात व्हॉलीबॉलची नेट, मध्ये एक टेबल आणि दोन खुर्च्या. दाराला आतून कडी नाही, म्हणून बाई बाहेरच्या कोयंड्याला आपली ओढणी अडकवतात. ओढणी दिसली की आत कुणीतरी बोलतंय, आपण थांबायचं, हे मुलांना न सांगता कळलंय.

गेल्या गुरुवारी मधल्या सुट्टीत नववीतली एक मुलगी त्या दारासमोर उभी होती. ओढणी नव्हती. बाईंचं कंत्राट संपलं आणि नवं पत्र आलेलं नाही, हे आम्हा शिक्षकांनाच दोन दिवस आधी कळलं होतं. मुलांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी विचारलं, "काय गो?" म्हणाली, "कितेंच ना, बाई," आणि वर्गात गेली. डबा तसाच हातात होता.

या वर्षांत मी एकच गोष्ट पुनःपुन्हा पाहिली. खाणी बंद झाल्या, कोविड आला, पूर आला, शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. दर वेळी मुलांना बोलायला माणूस हवा होता आणि नेमका तेव्हाच तो जागेवर नव्हता. कधी कंत्राट संपलेलं, कधी शाळाच बंद, कधी शिक्षक इलेक्शन ड्युटीवर. तुमच्याकडे काय अनुभव आहेत? पालक, शिक्षक, कुणीही लिहा.

खाणपट्टा
बाई, मी पालक म्हणून लिहितो. आमचा ट्रक होता. 2012 साली खाणी बंद झाल्या तेव्हा मुलगा लहान होता, त्याला फारसं कळलं नाही. मध्ये परत सुरू झाल्या. मग फेब्रुवारी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या 88 लीज रद्द केल्या आणि 16 मार्चपासून सगळं ठप्प. तेव्हा तो आठवीत होता.

ट्रक घरासमोर ताडपत्री घालून उभा. बँकेचा हप्ता, घरात रोज भांडण, माझं पिणं वाढलेलं. मुलगा शाळेतून आला की घरात न येता ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसायचा. वह्या डॅशबोर्डवर ठेवून तिथेच अभ्यास. मला वाटायचं, पोराला ट्रकची आवड. घरातला आवाज काचा लावल्यावर ऐकू येत नाही म्हणून तो तिथे बसतो, हे मला दोन वर्षांनी कळलं.

शाळेने बोलावून सांगितलं की लक्ष नसतं, समुपदेशनाला बसवतो. मी तिथेच भडकलो. आमच्याकडे "याला बांबोळीक धाडपाक जाय" ही शिवीच आहे, बांबोळीला म्हणजे मनोरुग्णालयात, तुम्हाला माहीत आहे. माझा मुलगा वेडा नाही म्हणालो. बायकोने मला न विचारता सही केली. तीन वेळा बोलला तो त्या बाईंशी. मग त्या बाई बदलल्या, दुसऱ्या आल्या. नव्या बाईंनी चांगल्या मनानेच विचारलं असेल, की पहिल्यापासून सांग. हा घरी येऊन आईला म्हणाला, "सांगून झालंय माझं एकदा." परत गेला नाही.

ओपा-खांडेपार
खाणपट्टा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. सोपं नाही.

रेजिस्टरवाली
मी पाच वर्षं शाळांतून समुपदेशक होते, आता नाही. मुलाने एकदाच सांगून पुन्हा न येणं आमच्या कामात नेहमी घडतं आणि त्यात मुलाचा काही दोष नसतो.

पहिल्या एक-दोन भेटींत मूल खरं सांगतच नाही. पोट दुखतं, झोप येत नाही, अमक्याशी भांडण झालं. तुम्ही पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळेला, त्याच खुर्चीत दिसलात तर तिसऱ्या-चौथ्या भेटीला मूळ गोष्ट बाहेर येते. आठवड्याला एक दिवस म्हणजे चौथी भेट यायला महिना जातो. मध्ये गणेश चवथीची सुट्टी, परीक्षा, स्नेहसंमेलन. म्हणजे जून-जुलैत आलेलं मूल दिवाळीच्या सुमारास मोकळं होतं आणि मार्चमध्ये माझं कंत्राट संपतं.

7 एप्रिल 2025 पासून सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे वेळापत्रक बदललं, पालक हायकोर्टात गेले, उन्हावर चर्चा झाली, पुस्तकं मिळाली का यावर झाली. समुपदेशकाची नेमणूक जुन्याच वेळापत्रकाने चालली, हे कुणाच्या बोलण्यात आलं नाही. नवा वर्ग, नवे शिक्षक, दहावीचं दडपण सुरू होतं ते पहिले आठवडे. त्यात मी ज्या शाळेत होते तिथे खोलीला कुलूप होतं.

आणि माझी रेजिस्टरं. त्यात मुलांनी विश्वासाने सांगितलेलं होतं. कंत्राट संपल्यावर ती कुणाला द्यायची? मुख्याध्यापकांना दिली तर गोपनीयता गेली. घरी नेली तर पुढच्या बाईंना काहीच कळणार नाही. मी शेवटच्या दिवशी ज्यांना शक्य होतं त्या मुलांना बसवून विचारलं, "नव्या बाईंना तुझ्याबद्दल मी चार ओळी लिहून ठेवू का? काय लिहू ते तूच सांग." काहींनी सांगितलं, काही नको म्हणाली. याचा कुठेही नियम नव्हता, मला सुचलं तसं केलं.

मांद्र्याचा मास्तर
माझं मत वेगळं आहे. राग मानू नका. मी पेडणे महालात 31 वर्षं नोकरी केली, शेवटची आठ मुख्याध्यापक. आमच्या वेळी समुपदेशक हा शब्द नव्हता, पण मुलं होती आणि त्यांची दुःखंही होती. कुठल्या मुलाचा बाप बोटीवर गेलाय, कुणाच्या घरात जमिनीची केस चालू आहे, हे वर्गशिक्षकाला माहीत असायचं, कारण तो त्याच वाड्यावर राहायचा. मोप विमानतळासाठी जमिनी गेल्या तेव्हा मुलांच्या चेहऱ्यावरूनच कळायचं कुणाच्या घरी नोटीस आली. आठवड्यातून एकदा पाहुण्यासारखं येणाऱ्या माणसाला हे कसं कळणार? योजना येतात नि जातात. शिक्षकालाच नीट शिकवा, वेळ द्या. तो जागेवर असतो.

पर्वरी_वारी
मास्तर, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि सरकारचाही विचार तोच दिसतो. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात 2020 पासून प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आरोग्यदूत म्हणून घ्यायचे ठरलं, त्यांच्या विषयांत भावनिक आरोग्यही आहे. पण शिक्षकाने हे काम केलं तर काय होतं, हे आपल्याच गोव्यातल्या संस्थेने तपासलंय. पर्वरीच्या 'संगत'ने बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 70 हून अधिक सरकारी शाळांत प्रयोग केला, निष्कर्ष 2018 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला, काही शाळांत त्याच कामासाठी नेमलेल्या स्थानिक, तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकाने, आणि काही शाळांत दोन्ही नाही. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणं कमी झाली. शिक्षकांनी राबवलेल्या शाळांत आणि काहीच न केलेल्या शाळांत म्हणावा तसा फरक दिसला नाही.

यात शिक्षकाची कुचराई आहे असं मी मुळीच म्हणत नाही. दुसरं काम नसलेलं माणूस लागतं, एवढंच.

मांद्र्याचा मास्तर
दुसरं काम नसलेलं माणूस. हे मला दिवसभर पुरलं.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 मला पाठ आहे. शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये, अपवाद जनगणना, आपत्ती आणि निवडणुका. कागदावर अपवाद तीनच, पण गोव्यात पंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा धरली तर कुठलं वर्ष सुटतं? नोव्हेंबर 2025 मध्ये मतदार यादीची विशेष उजळणी लागली तेव्हा माझा भाचा, तोही शिक्षक, फॉर्म घेऊन घरोघर फिरत होता. त्याचा वर्ग दुसऱ्या वर्गाला जोडलेला.

आणखी एक गोष्ट खरी आहे ती सांगतो. एक मुलगा माझ्याकडे कधीच बोलला नाही. त्याच्या घरी काय चाललंय ते मला गावातून कळलं होतं, मी त्याला दोनदा बोलावलं. तो उभा राहायचा आणि "होय सर" म्हणायचा. पुढे मोठा झाल्यावर भेटला तेव्हा म्हणाला, "सर, तुमच्या हातात माझी गणिताची वही असायची." माझे शब्द मी मागे घेत नाही, पण अर्धे घेतो.

सत्तरीची सून
मी रोज वाचतेय, आज लिहिते. आमचं घर म्हादईच्या काठापासून लांब नाही. 23 जुलै 2021 ला पूर आला. जुनी माणसं म्हणाली, 1982 नंतर असं पाणी बघितलं नव्हतं. मातीची मागची भिंत गेली. त्या वेळी शाळा मोबाईलवर होती आणि घरात मोबाईल एकच. तो पाण्यात गेला, म्हणजे मुलीची शाळाही गेली. ती चौथीत होती. प्रत्यक्ष वर्गात ती बसली फेब्रुवारी 2022 मध्ये. मधले सात महिने तिला घरच्यांशिवाय कुणी भेटलंच नाही. भरपाईसाठी तलाठी आले, पंच आले, फोटो काढले, भिंतीचं माप घेतलं.

आता ती आठवीत आहे. अजून मिरग सरला आणि रात्री पावसाचा जोर वाढला की उठते, टॉर्च घेते आणि दार उघडून पायरीवर प्रकाश मारते. पायरी दिसली की झोपते. कधी एकदा, कधी तीनदा. आम्हाला वाटलं, मोठी झाली की जाईल.

यंदा शाळेत एक समुपदेशक आल्या. फार गोड बाई, पण बोलणं सगळं इंग्रजी आणि थोडं हिंदी. त्यांनी कागद दिला, त्यावर तोंडांची चित्रं आणि खाली इंग्रजी शब्द. तुला काय वाटतं त्यावर खूण कर. हिने 'ॲंग्झायटी' या शब्दावर खूण केली नाही, कारण तिला तो शब्द माहीत नव्हता. मी घरी विचारलं तर म्हणाली, "म्हाका पावसाचें भंय दिसता, पूण तें चित्र थंय नासलें." पावसाच्या भीतीचं चित्र त्या कागदावर नव्हतंच.

रेजिस्टरवाली
ताई, पायरीवर टॉर्च मारणं तिला रागावून बंद करू नका. तिला विचारून तुम्ही एकदा तिच्याबरोबर उठा. जुलैच्या आधी तिला भेटायला कुणी मिळालं तर फार बरं, कारण पाऊस सुरू झाल्यावर तिची झोपच होत नसणार. बांबोळीच्या मनोरुग्णालयात मुलांसाठी तपासणी होते. तिथे जायचं म्हणजे वेड लागलं असं नव्हे, खाणपट्टांनी वर लिहिलेली शिवी मनावर घेऊ नका. तोवर 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, भाषा निवडता येते, मराठीत बोला.

भाषेचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. आपली मुलं घरी कोंकणी बोलतात, प्राथमिक शाळा मराठी किंवा कोंकणीत करतात आणि पाचवीपासून इंग्रजीत जातात. माध्यमाच्या धोरणावरून 2011 पासून आपण किती मोर्चे पाहिले. त्यात अनुदानावर बोललो, संस्कृतीवर बोललो. मुलाने घाबरल्यावर कुठल्या भाषेत सांगायचं, हे राहून गेलं. वास्कोला मी काही महिने होते, तिथे कन्नड आणि लमाणी बोलणारी मुलं. मला येत नव्हतं. एक सातवीतली मुलगी दुसरीसाठी दुभाषी व्हायची. दुसरीचं गुपित पहिलीच्या कानावर. मला ते बरोबर वाटलं नाही, पण दुसरा मार्ग नव्हता.

दूरदेशी
मी मूळचा माशेलचा, आता अमेरिकेत. इथे फार वेगळं आहे असं समजू नका. मे 2022 मध्ये टेक्सासमधल्या युवाल्डेच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर इथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून शाळांत समुपदेशक आणि मानसशास्त्रज्ञ वाढवायला मोठा निधी दिला. सरकार बदललं आणि एप्रिल 2025 मध्ये त्यातलं सुमारे 1 अब्ज डॉलरचं अनुदान पुढे चालू ठेवणार नाही असं शिक्षण खात्याने कळवलं. अनेक राज्यं कोर्टात गेली. पैसा आला तो एका घटनेमुळे आणि थांबवला तो वॉशिंग्टनमधल्या एका पत्राने. इथल्या आठवीतल्या मुलाचा दोन्हींशी काही संबंध नव्हता.

पर्वरी_वारी
मी एका छोट्या संस्थेत काम करायचो, तिचं नाव नको. आमचे पैसे एका मोठ्या संस्थेकडून यायचे, तिला परदेशातून. सप्टेंबर 2020 मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला आणि एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं पूर्ण बंद झालं. तोपर्यंत आम्ही चार शाळांत होतो. कोविडचा पहिला पावसाळा, मुलं घरात कोंडलेली, आणि आमच्या दोन मुली ज्या फोनवरून मुलांशी बोलायच्या त्यांचा पगार संपला. त्यांनी आणखी दोन महिने स्वतःच्या रिचार्जवर फोन केले. नंतर कंपन्यांच्या सीएसआरकडे, म्हणजे समाजकार्याच्या निधीकडे गेलो. त्यांचं वर्ष मार्चला संपतं आणि त्यांना किती मुलांपर्यंत पोचलात तो आकडा हवा असतो. एका मुलाशी बारा वेळा बोललो तर तो आकडा एकच.

कोर्टाबद्दलही लिहायला हवं. 25 जुलै 2025 ला सुप्रीम कोर्टाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल 15 मार्गदर्शक तत्त्वं दिली. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र समुपदेशक, शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, मार्कांवरून तुकड्या पाडायच्या नाहीत, टेली-मानसचा नंबर मोठ्या अक्षरांत लावायचा. कायदा होईपर्यंत हे बंधनकारक. चांगलं आहे. पण 100 पेक्षा लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी संबंध जोडून ठेवायचा, एवढंच आहे. सत्तरी, सांगे, काणकोणातल्या गावांत पट किती असतो ते तुम्हाला माहीत आहे. तिथे बाहेरचा तज्ज्ञ म्हणजे दोन बस बदलून जायचं ठिकाण.

खाणपट्टा
म्हणजे ज्या गावांत खाणी बंद झाल्या, पूर आला, त्याच गावांतल्या शाळा लहान.

होमखण
मी इथे नवीन. वय 18. मी धोंड आहे, म्हणजे लईराई देवीचं व्रत करणारा, पाच वर्षं हातात वेत घेतो. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली तेव्हा मी उतारावर होतो. त्या रात्री 6 जण गेले. माझ्या पायावर माणसं होती. मला कुणीतरी दंडाला धरून ओढलं, कोण ते अजून माहीत नाही.

शाळेचं एप्रिलचं सत्र नुकतंच संपून सुट्टी लागलेली. जूनमध्ये गेलो तेव्हा सगळ्यांनी विचारलं, "तू थंय आशिल्लो?" होय, होतो तिथे म्हटलं. मग व्हिडिओ दाखवायला लागले. सरांनी दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली घेतली आणि पहिला धडा सुरू केला. त्यांची चूक नाही, त्यांना काय करायचं ते कुणी सांगितलं नसणार. मी मागच्या बाकावर बसायला लागलो, दाराजवळ. अजून बसतो. प्रार्थनेला सगळे जिन्यावरून एकदम उतरतात तेव्हा मी वर थांबतो आणि शेवटी येतो, म्हणून मला उशिराची शिक्षा झाली. का उशीर होतो ते मी सांगितलं नाही. बाईंचा हा धागा वाचला म्हणून लिहिलं.

वाळवंटीकाठ
बाळा, वाचलं. तुला खाजगी निरोप पाठवलाय, बघ. उद्या फोन कर, संध्याकाळी कधीही.

रेजिस्टरवाली
होमखण, जिन्यावर थांबणं अगदी शहाणपणाचं आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वर्गशिक्षकांना सांगायला तुझ्याबरोबर कुणी मोठं हवं असेल तर मी येते. डिचोली मला लांब नाही.

मांद्र्याचा मास्तर
शिक्षक बंधू-भगिनींना एक विनंती. उशिरा येणाऱ्या मुलाला शिक्षा करण्याआधी तो कुठे थांबतो ते एक दिवस बघा. गोवा बाल कायदा 2003 सालचा आहे, मारायला त्यात बंदी आहे, ते आपण पाळतो. अंगठे धरून उभं करणं, सगळ्यांसमोर विचारणं, हेही मी केलंय.

वाळवंटीकाठ
सहा आठवड्यांनी परत लिहितेय.

तुमच्या सगळ्यांच्या लिहिण्यातून मी तीन गोष्टींचा अर्ज केला, मुख्याध्यापकांनी आणि पालक-शिक्षक संघाने सह्या केल्या. समुपदेशकाची नेमणूक एप्रिल ते मार्च अशी, शाळेच्या नव्या वर्षाबरोबर व्हावी. बाई बदलणार असतील तर जुन्या आणि नव्या बाईंनी दोन गुरुवार एकत्र यावं आणि मुलाला विचारूनच त्याची माहिती पुढे द्यावी. आणि नेमताना कोंकणी-मराठी येतं का ते बघावं. वरून अजून उत्तर नाही. आमच्या हातात होतं ते केलं. 14416 आणि मुलांच्या मदतीचा 1098 हे नंबर मराठीत रंगवून पाण्याच्या टाकीजवळ लावले, कारण तिथे प्रत्येक मूल जातं आणि वाचताना कुणी बघत नाही. खोलीला आतून कडीही बसवली, 120 रुपये लागले.

होमखणच्या घरच्यांना विचारून रेजिस्टरवाली ताई त्याला भेटल्या. तो लिहील त्याला वाटलं तर.

आणि ती नववीतली मुलगी. मी तिची समुपदेशक होऊ शकत नाही, हे मला नालंदाच्या गोष्टीवरून आणि मास्तरांच्या गणिताच्या वहीवरून नीट कळलं. पण गुरुवारी मधल्या सुट्टीत ती त्या दाराशी उभी राहायची ते मला बघवेना. म्हणून तिला म्हटलं, ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं चिकटवायला मला मदत कर, दर गुरुवारी. आम्ही दोघी खळ घेऊन बसायचो. ती फार बोलली नाही, मी काही विचारलं नाही. पाच गुरुवारांत 43 पुस्तकं झाली.

परवा बाईंचं पत्र आलं. त्याच बाई, मार्च अखेरपर्यंत. काल गुरुवार होता. मी पुस्तकं आणि खळ काढून बसले. ती आली, डबा हातात, पण बसली नाही. म्हणाली, "बाई, आयज नाका, पुस्तकां फाल्यां करूंया?"

मी म्हटलं, "उद्या करूया." कडी बसवलीय तरी बाईंनी सवयीने ओढणी अडकवली होती. ती बाहेरच्या पायरीवर बसून ओढणी निघायची वाट बघत होती.